अडीच सूत म्हणजे आठ एमएम नव्हे: जुन्या इंजिनातले मूळ बोल्ट कसे ओळखायचे

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन जरी तुमच्या इंजिनाला लागू पडली, तर पुढचं वाचा आणि तोवर पाना खाली ठेवा.

- बोल्ट हाताने दोन-तीन आटे मजेत जातो आणि मग एकदम जड होतो. पाना लावला की पुढे सरकतो, पण कुरकुरत.
- १३ चा पाना डोक्यावर हलतो, १२ चा चढतच नाही. डोक्याचे कोपरे गोल झालेत.
- एकाच कव्हरला सहा बोल्ट, पण खोलायला तीन वेगळे पाने लागले.
- गॅस्केट नवं, वर पेस्टही भरपूर, तरी ऑइल त्याच कोपऱ्यातून गळतं.
- बोल्ट टाईट झाल्यासारखा वाटतो, पण खालचा वायसर बोटाने फिरतो.
- घट्ट होत होत येतो आणि शेवटच्या पाव फेऱ्यात अचानक मऊ पडतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. मऊ पडला म्हणजे एक तर आटे सुटले, नाहीतर बोल्ट ताणला गेला. दोन्हीकडे अजून एक फेरा दिलात तर काम दुप्पट होतं.

माझं गॅरेज फोंड्याच्या अलीकडे आहे. जुनी गाडी उभी करायची हौस असलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा इंजिन सुटं असतं आणि सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. डब्यात सगळे बोल्ट एकत्र. कुणीतरी आधी खोललं, मग पैसे संपले किंवा माणूस परदेशी गेला, आणि डबा दहा वर्षं माळ्यावर राहिला. अशा डब्यातले निम्मे बोल्ट त्या इंजिनाचे नसतातच.

गोव्यात हा घोळ जरा जास्तच. १९६१ आधी पोर्तुगीज अमलात थेट परदेशातून आलेल्या गाड्या इथे राहिल्या, नंतर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर आल्या, जीप आल्या. दुरुस्ती मात्र सगळ्यांची एकाच ठिकाणी झाली. उसगाव-डिचोली पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये खाणीच्या ट्रकांचे बोल्ट पडलेले असायचे, जेटीजवळ ट्रॉलरचे. हाताला लागला तो बसवला. इंग्रजी, अमेरिकन, इटालियन, जर्मन आणि पुढे जपानी वळणाचे बोल्ट एकाच इंजिनात मी स्वतः मोजलेत.

त्यात हार्डवेअरच्या दुकानातलं ते ठरलेलं वाक्य: ‘अडीच सूत म्हणजे आठ एमएमच, घेऊन जा.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. जाडीत फरक सहा शतांश मिलिमीटरचा, डोळ्याला दिसणारच नाही. फरक आट्यांत आहे, आणि इंजिनाचं वाटोळं तिथेच होतं.

तुमच्या इंजिनात मुळात काय असायला हवं

हे कळल्याशिवाय पुढची कुठलीच तपासणी उपयोगाची नाही.

फियाट ११००, म्हणजे पुढची प्रेसिडेंट आणि पद्मिनी: मेट्रिक. ८ एमएमला १.२५ पिच (म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये), आणि १० एमएमलाही बऱ्याच ठिकाणी १.२५. दुकानातला साधा १० एमएम बोल्ट १.५ पिचचा असतो. म्हणजे मेट्रिकच्या जागी मेट्रिक बोल्ट घेऊनही फसायला होतं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे. चुकीचा बोल्ट आधी हेडचे आटे खातो, स्वतः शाबूत राहतो.

अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. त्यात युनिफाइड नावाचे इंची आटे: बारीक ते यूएनएफ, जाड ते यूएनसी. ऑइल प्रेशरच्या पाइपाच्या युनियनला पाइपाचे आटे, बीएसपी. एसयू कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या छोट्या स्क्रूंना बीए नावाचा आणखी वेगळाच आटा. पण १९९२ नंतरचं इसुझूचं १८०० सीसी इंजिन असेल तर हे सगळं विसरा, ते मेट्रिक आहे. स्टँडर्ड हेराल्ड युनिफाइड, आणि विलीज वळणाची जीप अमेरिकन इंची आट्यांची. जर्मन गाड्या मेट्रिक.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या ब्रिटिश गाड्यांत जुने ब्रिटिश इंची आटे: बारीक ते बीएसएफ, जाड ते व्हिटवर्थ. त्यातही मॉरिस टेन आणि एमजीच्या टी मालिकेतल्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्याची. कारखान्याची यंत्रं मुळात फ्रेंच हॉचकिसची होती, म्हणून हा प्रकार. असं इंजिन तुमच्याकडे असेल तर डोक्यावरून आट्याचा अंदाज अजिबात बांधू नका.

तपासणी पहिली: डबा ओतू नका, धुऊ नका

खर्च शून्य. इंजिन अजून पूर्ण खोललं नसेल तर प्रत्येक कव्हरचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा, आणि निघेल तो बोल्ट त्याच भोकात खोचा. टायमिंग कव्हर आणि वॉटर पंपाला हे करायलाच हवं, कारण तिथे लांबी जागेप्रमाणे बदलते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो आणि कव्हर सैल राहतं. वायसर बोटाने फिरतो तो यामुळेच. उलट, आखूड बोल्ट खोल भोकात चारच आटे धरतो आणि तेवढे उपटून आणतो.

बोल्ट लगेच रॉकेलमध्ये टाकू नका. कारखान्यात बहुतेक इंजिनं जोडून झाल्यावर रंगवली जात, त्यामुळे मूळ बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या बिडावर रंगाचा थर सलग असतो. बोल्ट काढल्यावर खाली वायसरच्या मापाचा स्वच्छ गोल दिसतो. त्या गोलाहून बोल्टचा वायसर लहान किंवा मोठा असेल, तर आधी कुणीतरी हात घातलाय. धुतल्यावर हा पुरावा जातो, आणि तो परत मिळत नाही.

तपासणी दुसरी: कुठला पाना बरोबर बसतो

पाने तुमच्याकडे असतातच. रिंग पाना घ्या, फिक्स पाना इथे खोटं बोलतो.

५/१६ च्या युनिफाइड बोल्टचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना ‘बसतो’. माझ्याकडे डिचोलीचे एक काका आले होते, अ‍ॅम्बेसेडर घेऊन. ते म्हणाले, “मेस्त्री, तेराचा पाना बसतो ना, मग आणि काय पाहिजे?” मी त्यांच्या हातात तोच पाना दिला आणि डोक्यावर ठेवून डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. टकटक आवाज आला. मग अर्ध्या इंचाची रिंग दिली. ती हलली नाही. काका बराच वेळ रिंगेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे वीस वर्षं मीच कोपरे खाल्ले होय?” होय काका.

काही मापं पाठच करून ठेवा. पाव इंची बोल्टला ७/१६ चा पाना लागतो, तो ११ एमएमच्या अगदी जवळ. तीन सुती, म्हणजे ३/८ च्या बोल्टला ९/१६, तो १४.३ मिलिमीटर भरतो. १४ चढत नाही आणि १५ फिरतो. अर्ध्या इंची बोल्टला ३/४, त्यावर १९ चा चालून जातो. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. जुन्या बाजारातून असे पाने घेणारे तिथे हमखास चकतात.

मेट्रिकमध्ये उलटी खूण मिळते. फियाट किंवा जर्मन इंजिनात १० एमएम बोल्टला १७ चं डोकं असतं. तिथे १४ च्या डोक्याचा १० एमएम, किंवा १२ च्या डोक्याचा ८ एमएम सापडला, तर तो जपानी वळणाच्या गाडीतून आलाय. पहिली मारुती रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात. १९६५ च्या फियाटमध्ये तो बोल्ट कारखान्याने घातलेला असूच शकत नाही.

तपासणी तिसरी: डोक्यावर काय लिहिलंय

खर्च एका पितळी ब्रशचा आणि भिंगाचा. ग्राइंडरवरचा वायर व्हील वापरू नका. तो ग्रीसबरोबर खूणही पुसतो आणि वरचं पाणीही, म्हणजे धातूचा मुलामाही, उडवतो. जुन्या ब्रिटिश बोल्टवर बऱ्याचदा कॅडमिअमचं पाणी असतं. त्याची धूळ विषारी आहे आणि तापवल्यावर निघणारा धूर त्याहून. हाताने, रॉकेल लावून, ओलं घासा.

त्याच अ‍ॅम्बेसेडरचा एक बोल्ट मी काकांसमोर घासला. वर काळं, चिकट, नखाने निघेना असं. पाच मिनिटांनी डोक्याच्या मधोमध एक उथळ गोल खळगा दिसू लागला, बशीसारखा. शेजारचा नट उलटा केला तर एका बाजूवर तीन छोटी वर्तुळं, एकमेकांना चिकटलेली, साखळीसारखी. काकांना वाटलं कुणीतरी पंच मारलाय. बीएमसीच्या गाड्यांत युनिफाइड आट्याची खूण हीच: बोल्टच्या डोक्यावर गोल खळगा, नाहीतर जोडलेली वर्तुळं, आणि नटाच्या तोंडावर गोल खाच किंवा एका बाजूवर ती वर्तुळं. ब्रिटिश कारखाने व्हिटवर्थ सोडून युनिफाइडकडे वळले तेव्हा मेकॅनिकांनी दोन्ही मिसळू नयेत म्हणून ती घातली. ही खूण दिसली की अ‍ॅम्बेसेडरच्या बाबतीत मी निम्मं काम झालं असं धरतो.

अमेरिकन बोल्टवर रेषा असतात. मधून बाहेर जाणाऱ्या तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, एकही नाही म्हणजे साधा ग्रेड २. युद्धकाळातल्या फोर्डने बनवलेल्या जीपमध्ये बोल्टवर ‘एफ’ अक्षर मिळतं. ते मिळालं तर जपून ठेवा, हौशी लोक त्यासाठी जीव टाकतात.

मेट्रिकमध्ये ८.८, १०.९ असे आकडे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणा, तो दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटनवर तुटेल ते कळतं. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर तो कायमचा ताणला जाईल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला ताणतो. पण पन्नाशी-साठीच्या दशकातल्या जर्मन बोल्टवर हे आकडे नसतात. तिथे ‘८जी’ किंवा ‘१०के’ असतं. ८जी म्हणजे साधारण आजचा ८.८, १०के म्हणजे १०.९. मला एकाने १०के लिहिलेले बोल्ट ‘हे काय लोकल’ म्हणून भंगारात टाकायला दिले होते. ते त्याच्या गाडीतले सगळ्यात खरे बोल्ट होते.

कारखान्याचं नावही बघा. जीकेएन दिसलं तर बोल्ट ब्रिटिश वंशाचा. कामॅक्स किंवा व्हर्बुस दिसलं तर जर्मन. टीव्हीएस दिसलं तर तो सुंदरम फास्टनर्सचा, आणि ती कंपनी साठच्या दशकातली. म्हणजे १९५९ च्या इंजिनात तो नंतर आलेला. माल उत्तम असतो, वापरायला हरकत नाही, मूळचा म्हणू नका एवढंच.

माझी स्वतःची चूक इथलीच. बाबांची फियाट मी पहिल्यांदा खोलली तेव्हा ज्या बोल्टवर काहीच लिहिलेलं नव्हतं ते सगळे मी साधे समजून फेकले, आणि त्यांच्या जागी १२.९ चे काळे अ‍ॅलन बोल्ट घातले. मजबूत ते चांगलं, हा हिशेब. मॅनिफोल्डच्या बाजूला घट्ट करताना बोल्टला काही झालं नाही, हेडमधून अ‍ॅल्युमिनिअमच्या आट्यांची स्प्रिंगसारखी गुंडाळी बाहेर आली. कव्हर, पुली, ब्रॅकेट अशा हलक्या जागी खुणेशिवायचे बोल्ट त्या काळी सर्रास असत. खूण नाही एवढ्यावरून बोल्ट बाद करू नका. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी पेपरात गुंडाळलेले ते फेकलेले बोल्ट माझ्या समोर ठेवले, त्यांनी ते कचऱ्यातून काढून ठेवले होते.

तपासणी चौथी: आटे जुळवणं

माहीत असलेला खरा बोल्ट आणि शंका असलेला बोल्ट एकमेकांना समांतर धरा, आटे आट्यांत बसवा आणि खिडकीकडे धरा. मधून उजेड दिसला नाही तर पिच एक. दिसला तर वेगळा. याला पैसे लागत नाहीत, आणि दहातल्या आठ भानगडी इथेच सुटतात.

खरा बोल्टच नसेल तर पिच गेज घ्या, फार महाग नसतो. तोही नसेल तर व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर मोजा. अडीच सुती यूएनएफ, म्हणजे इंचाला २४ आटे: दहा आट्यांना १०.६ मिलिमीटर. ८ एमएम १.२५ पिच: १२.५. अडीच सुती यूएनसी किंवा व्हिटवर्थ, दोन्ही इंचाला १८: १४.१. बीएसएफ इंचाला २२: ११.५ च्या आसपास. ८ एमएम बारीक, १ पिच: बरोबर १०. यूएनएफ आणि ही बारीक मेट्रिक यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, तेव्हा दहाऐवजी जमेल तितके आटे मोजा.

आता पहिल्या लक्षणाचं कारण कळेल. ८ एमएमचा साधा बोल्ट अडीच सुती यूएनएफ भोकात घातला की सुरुवातीचे दोन-तीन आटे ढिलाईत जिरतात, मग फरक साठत जातो आणि बोल्ट जड होतो. पान्याने रेटलात की तो स्वतःचे आटे भोकात कोरत जातो. तिथून पुढे खरा बोल्ट आणून लावलात तरी त्याला धरायला काही उरलेलं नसतं.

यूएनसी आणि व्हिटवर्थची जोडी आणखी फसवी. पाव इंच, ५/१६, ३/८ या तिन्ही मापांत दोघांचे आटे इंचाला सारखेच आहेत: २०, १८, १६. फरक आट्याच्या कोनात. व्हिटवर्थ ५५ अंश, युनिफाइड ६०. बोल्ट शेवटपर्यंत जातो, पण आटे पूर्ण टेकत नाहीत. आपल्याकडे दुकानात सुताच्या मापाने मिळणारा बोल्ट बहुधा व्हिटवर्थच असतो. कोन डोळ्याने कळत नाही, पिच गेजचं पातं उजेडात धरूनच कळतो.

एक गोष्ट स्टडबद्दल, म्हणजे डोकं नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टबद्दल. ब्रिटिश इंजिनात बऱ्याच स्टडचं एक टोक जाड आट्याचं, दुसरं बारीक. जाड टोक बिडात जातं, बारीक टोकावर नट बसतो. उलटा घातलेला स्टड मी एकदा नाही, निदान पाच इंजिनांत पाहिलाय.

तपासणी पाचवी: बनावट आणि धातू

कारखान्याच्या बोल्टचे आटे दाबून, रोल करून काढलेले असतात. शिखरं गुळगुळीत, दरीत चमक. लेथवर कापलेल्या आट्यांत भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात, कडा नखाला लागतात. डोक्याच्या वरच्या बाजूला रेकॉर्डसारखे गोल ओरखडे असतील तर तो षटकोनी सळीतून कातलेला आहे. असा बोल्ट टॅपेटच्या कव्हराला चालेल, हेडला नाही.

मग लोहचुंबक. पोलादी बोल्ट झडप घालून चिकटतो. स्टेनलेस चिकटत नाही किंवा जेमतेम चिकटतो.

स्टेनलेसवर जरा थांबतो, कारण गोव्यात हे खूळ फार आहे. मालीमच्या जेटीवर ज्याची ओळख आहे तो हमखास मूठभर स्टेनलेस बोल्ट घेऊन येतो. ‘खाऱ्या पाण्यात गंजत नाही तो इंजिनात काय गंजणार?’ बोल्ट गंजत नाही, खरंय. पण तो अ‍ॅल्युमिनिअमच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये घातला, वर खारी हवा आणि चार महिने पाऊस, की दोन धातूंच्या मधे विजेच्या घटासारखं काम सुरू होतं आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनिअम. दोन पावसाळ्यांनी मी असं हाउसिंग खोललं तेव्हा बोल्टभोवती पांढरा भुगा होता आणि बोल्ट फिरायला तयार नव्हता. शेवटी हाउसिंग फोडून काढलं. शिवाय साधा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर आहे, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस नट घट्ट करताना आटे एकमेकांत वितळल्यासारखे जाम होतात. लावायचाच असेल तर हलक्या जागी लावा, आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावून.

जुन्या बोल्टना चमक आणायची घाई करू नका. चतुर्थीला गाडी दारात उभी हवी म्हणून सगळे बोल्ट पॉलिशवाल्याकडे देऊन झिंक किंवा क्रोम करून आणणारे आहेत. कव्हरच्या बोल्टना ठीक. १०.९ आणि वरच्या बोल्टना अजिबात नाही. अ‍ॅसिडमध्ये बुडवताना आणि पाणी चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. मोठे कारखाने तो लगेच दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजून हायड्रोजन काढतात. गल्लीतला पॉलिशवाला भाजत नाही. असा बोल्ट घट्ट करताना काही दाखवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभ्या गाडीत तुटतो. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये गंज काढायला बोल्ट टाकणं हाही तोच प्रकार.

तपासणी सहावी: भोक

बोल्ट खरा ठरला, आता भोक खरं आहे का? खोली मोजा: बारीक काडी आत टाका, खूण करा, बोल्टच्या लांबीशी ताडा. वायसर आणि कव्हरची जाडी धरून बोल्टच्या टोकाखाली दोन-तीन मिलिमीटर रिकामे राहायला हवेत.

बंद भोकात ऑइल किंवा पाणी साठलेलं असेल तर कापडाने आणि हवेने पूर्ण काढा. द्रव दबत नाही. वरून बोल्ट पिळलात की तो खालून बीड फोडतो, आणि तो तडा पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेला तर ब्लॉक गेला.

घाण साफ करायला टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार, मारू नका, तो चांगला धातूही नेतो. आटे साफ करणारा चेझर मिळाला तर उत्तम. नसेल तर त्याच पिचच्या खऱ्या जुन्या बोल्टला करवतीने लांबीत दोन खाचा पाडा आणि तो हाताने आत-बाहेर करा. हाताने जातो तितकाच.

घट्ट करताना मॅन्युअलचं माप बघा, आणि माप कशात दिलंय तेही बघा. ब्रिटिश पुस्तकात फूट-पाउंड, जुन्या फियाटच्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२ फूट-पाउंड किंवा ९.८ न्यूटन-मीटर. बी-सिरीजच्या बाजूच्या टॅपेट कव्हरला मधे एकच बोल्ट असतो. गळती थांबेना म्हणून तो पिळणारे कव्हरच वाकवतात आणि गळती वाढते. तिथे बोल्टाखालचं सील बदला, जोर वाढवू नका.

इथे थांबा

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, मेन बेअरिंगच्या कॅपचे, फ्लायव्हीलचे आणि हेडचे स्टड: यांची ओळख पटवणं हे तुमचं काम, पुन्हा वापरायचे की नाही हे ठरवणं नव्हे. सगळे एका ओळीत उभे करा. एखादा भावंडांपेक्षा अर्धा मिलिमीटरही लांब असेल, किंवा दांडा मधे बारीक झालाय असं बोटाला लागलं, किंवा नट एका जागी हाताने फिरेनासा झाला, तर तो ताणला गेलाय. त्याच्यासारखा दुसरा डब्यातून शोधू नका. रॉडचा बोल्ट धावत्या इंजिनात सुटला की रॉड ब्लॉकच्या बाहेर येतो. इथे मूळपणाचा हट्टही सोडा. योग्य ग्रेडचा नवा संच घ्या आणि जुना कपाटात ठेवा.

बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला तर एकदाच, नीट प्रयत्न: गंज सोडवणारं तेल, एक रात्र, मग पकड. निघाला नाही तर थांबा. बारीक बोल्टमध्ये इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट आतून धरून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, घालू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की साध्या ड्रिलने कापला जात नाही, आणि मग विजेच्या ठिणगीने धातू खाणारं मशीन असलेल्या ईडीएमवाल्याचं दार ठोठवावं लागतं. चांगला वेल्डर तुटक्या बोल्टवर नट वेल्ड करून तो दहा मिनिटांत फिरवून काढतो.

आटे गेलेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवणं कठीण नाही, पण हेडमध्ये, पाण्याच्या वाटेजवळ किंवा ऑइलच्या वाटेजवळ ते मशिनशॉपमध्येच करून घ्या. भोक दोन अंश तिरकं गेलं तरी गॅस्केट पुन्हा उडतं. ब्लॉकला बोल्टच्या भोकातून निघालेला तडा दिसला तर काहीच करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगचे बोल्ट या लेखात मुद्दाम घेतले नाहीत. तिथे शंका आली की गाडी ढकलूनच न्या.

रिबोरिंगवाल्याकडे जाताना नुसतं हेड नेऊ नका. पुठ्ठ्याचा नकाशा, जागेवरचा एक खरा बोल्ट, शंकेचा बोल्ट, आणि पिच, जाडी, लांबी लिहिलेला कागद घेऊन जा. नाहीतर तोही भोकाकडे बघून म्हणेल, अडीच सूत ना, आठचा टॅप मारतो. तो टॅप त्याच्या हातात येण्याआधी तुमचा खरा बोल्ट त्याच्या टेबलावर असायला हवा.